पिवळं कुलूप

हॉस्पिटलमध्ये येणाऱ्याला डॉक्टर दिसतात, नर्स दिसतात, फार तर लिफ्टवाला दिसतो. लिफ्ट चालते, नळाला पाणी येतं, ऑपरेशनच्या खोलीत स्वच्छ गार हवा येते, हे सगळं ज्याच्यामुळे, तो माणूस कोणाला दिसत नाही. इथे तो माणूस म्हणजे एक बाई होती. पद मोठं, तांत्रिक विभागाची प्रमुख. खोली मात्र तळघरात, बॉयलरच्या शेजारी. सगळं सुरळीत चाललं की कोणी तिचं नाव काढत नसे, आणि एक दिवा गेला की सगळ्या इमारतीला तिचा फोन नंबर आठवायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. "आपलं काम मिठासारखं," ती म्हणायची. "कमी पडलं तरच चर्चा."

हाताखालची माणसं तिला समोर मॅडम म्हणत आणि पाठीमागे कुलूपबाई. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, कारण कुलपांचा नियम तिनंच आणला होता. कुठलंही यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याचा मेन स्विच बंद करायचा, त्याला बऱ्याच भोकांची एक लोखंडी कडी अडकवायची, आणि जो जो यंत्रात शिरणार त्यानं आपापलं कुलूप त्या कडीत घालायचं. किल्ली स्वतःच्या खिशात. काम उरकून बाहेर आलं की ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. कडीत एक जरी कुलूप उरलं तरी स्विच हलतच नाही.

"कुलूप म्हणजे माणूस," नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी सांगायची. "कडीत कुलूप आहे तोवर आत माणूस आहे. मग वर आभाळ कोसळलं तरी स्विचला हात लावायचा नाही."

प्रत्येकाच्या कुलपाचा रंगही ठरलेला. इलेक्ट्रिशियन मामांचं लाल. हे मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हते, पण केस पांढरे झाले की माणूस आपोआप मामा होतो. फिटरचं निळं, वेल्डरचं काळं, बाईंचं स्वतःचं पांढरं.

पिवळं कोणाचंच नव्हतं.

ते पहिल्यांदा दिसलं तो दिवस अगदी साधा होता. हवेच्या मोठ्या यंत्राची महिन्याची सफाई होती. हे यंत्र म्हणजे पत्र्याची एक खोलीच; एका टोकाला गाळण्या, मध्ये पुरुषभर उंचीचा पंखा, आणि पलीकडे हवा वर नेणारा चौकोनी बोगदा, ज्यात माणूस गुडघ्यांवर रांगत जाऊ शकतो. मंडळी आत शिरली, गाळण्या धुतल्या, पंख्याचा पट्टा बदलला, आणि धुळीनं माखून बाहेर आली. एकेकानं आपलं कुलूप काढलं. कडीत एक उरलं.

"कोणाचं रे हे?" बाईंनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुलूप त्यांच्याच कुलपांसारखं, त्याच बनावटीचं, पण पिवळं, आणि त्याला ओळखीसाठी हिरव्या चौकड्यांच्या कापडाची एक चिंधी बांधलेली. प्रत्येकानं आपली किल्ली लावून पाहिली. एकही लागेना.

"थट्टा केली असेल कोणी तर आत्ताच सांगा," बाई म्हणाल्या. "मी रागावणार नाही." त्या रागावल्या असत्या, हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी गालातल्या गालातही हसलं नाही.

वरून प्रशासकांचा फोन आला. एका लहान मुलीला टेबलावर घेतलंय, हवा कधी सुरू होणार? बाई म्हणाल्या, झालंच. मामा टॉर्च घेऊन पुन्हा आत गेले, बोगद्याच्या वळणापर्यंत रांगत गेले, हाका मारून आले. आत कोणी नव्हतं. पुन्हा फोन आला. या वेळी प्रशासकांचा आवाज चढलेला होता.

बेवारशी कुलूप कापायचा अधिकार एकट्या प्रमुखाचा, आणि तोही सगळी माणसं डोळ्यांनी मोजून झाल्यावर. बाईंनी बोटानं एकेक डोकं मोजलं. सगळे होते. शेवटची खात्री म्हणून त्यांनी पत्र्याच्या दारातून आत मान घातली आणि श्वास रोखून ऐकलं.

टक टक. मग थोडं थांबून, टक.

"मॅडम, वाजलं का काही?" मामांनी विचारलं.

"पत्रा आहे, मामा. तापतो, निवतो, वाजतो." त्यांनी दार लावलं, मोठी कातर मागवली आणि कुलपाची दांडी स्वतःच्या हातानं कापली. पंखा सुरू झाला. मुलीचं ऑपरेशन उत्तम झालं, आणि तुटकं कुलूप बाईंच्या टेबलाच्या खणात जाऊन पडलं.

दुसऱ्या दिवसापासून कँटीनमधून एक चहा जास्त यायला लागला. "अरे बाबा, मोजता येतं ना तुला?" फिटरनं चहावाल्याला छेडलं. चहावाला म्हणाला, "मी रोज इतकेच आणतो की." सगळ्यांना ते पटलं, हेच विचित्र होतं. तो जादा चहा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला जाई, त्याच्यावर साय धरे, आणि तो कोणीच उचलत नसे. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

घरी बाई आणि त्यांची आई, दोघीच. कुलूप कापलं त्या रात्री आईनं जेवायला तीन ताटं मांडली.

"तिसरं कोणाला?"

"अगबाई!" आई हसली. "हात गेला बघ. म्हातारपण, दुसरं काय." तिनं ताट उचललं. दुसऱ्या रात्री पुन्हा मांडलं. तिसऱ्या रात्री मांडलं आणि उचललंच नाही. नुसती त्याच्याकडे बघत बसली, आणि तिचा घास ताटातच राहिला.

आठवडाभरात आईचं जेवण चिमणीएवढं झालं. डॉक्टरांना दाखवलं, घरचंच हॉस्पिटल, तपासण्यांना काय कमी? सगळं ठणठणीत निघालं. "मला काही होत नाही गं," आई म्हणायची, "उगाचच रडू येतं. कोणाला तरी गाडीत बसवून आल्यासारखं वाटतं, आणि कोणाला ते आठवत नाही." वडील गेले तेव्हाही आई अशी खचली नव्हती. आता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

एका रविवारी बाई मागची खोली झाडायला गेल्या. तिथे एक कॉट होती, आणि कॉटवर नीट घडी केलेली चादर. हिरव्या चौकड्यांची. तिच्या एका कोपऱ्याची पट्टी फाडून घेतलेली होती.

बाईंनी ती चादर उचलली आणि आईला हाक मारली.

"आई, ही चादर कोणाची?"

"आपलीच की."

"कोण पांघरतं?"

आई दारात थबकली. "कोणीतरी पांघरत असेल," ती हळूच म्हणाली. "नाहीतर मी रोज सकाळी घडी कशाला घातली असती?"

सोमवारी बाईंनी टेबलाचा खण उघडला. कुलूप होतं, कापलेल्या दांडीसकट. चिंधी चादरीवर ठेवून पाहायची गरज नव्हती. तरी त्यांनी ती घरी नेऊन पाहिली. फाटलेल्या कडा एकमेकींत बसल्या.

त्या हिशोबी बाई होत्या. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हेत. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं, एवढंच त्यांना माहीत. पण कुलूप म्हणजे माणूस, हेही त्यांचंच वाक्य होतं. आत कोणीतरी होतं, ते आपल्या घरचं होतं, आणि आपण कुलूप कापलं. हे एकदा मनात आलं आणि मग गेलं नाही. आईला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढच्या सफाईच्या दिवशी त्यांनी स्वतःचं पांढरं कुलूप सगळ्यांत आधी घातलं.

"तुम्ही कशाला, मॅडम?" मामा म्हणाले. "आम्ही मेलोय का?"

"गप्प बसा हो. काहीतरी अभद्र बोलू नका."

टॉर्च घेऊन त्या बोगद्याच्या वळणापर्यंत रांगत गेल्या, वळणाच्या पुढेही गेल्या. पत्रा गार होता. धूळ सगळीकडे सारखी साचलेली, पण एका जागी, माणूस पाठ टेकून बसावा एवढी, पुसलेली. बाजूच्या पत्र्याला बारीक पोचे आले होते, आतून पान्यानं ठोकावं तसे. हाक मारायची तर नावानं मारायची. नाव कुठून आणायचं?

"अरे," त्या शेवटी एवढंच म्हणाल्या. "चल ना घरी. आई जेवत नाही."

कोणी ओ दिली नाही.

त्या बाहेर आल्या. एकेकानं आपलं कुलूप काढलं, त्यांनी पांढरं काढलं. कडीत पिवळं कुलूप लटकत होतं. अखंड. त्याची चिंधी हलत होती.

फिटर दोन पावलं मागे सरला. मामांनी न सांगता कातर आणून पुढे केली.

"ठेवा ती," बाई म्हणाल्या. "ज्याचं कुलूप तो काढेल."

"आणि नाही आला तर?"

"तर यंत्र बंद राहील."

त्या स्टूल ओढून दारापाशी बसल्या. वरून फोन आला, मग दुसरा आला, मग प्रशासक स्वतः खाली उतरले. आजची ऑपरेशनं पुढे ढकलावी लागतील, याची जबाबदारी कोणाची? माझी, बाई म्हणाल्या. आत कोण आहे, ते तरी सांगा. ते सांगता येणार नाही. प्रशासकांनी त्यांच्याकडे, मग मामांकडे, मग त्या कुलपाकडे पाहिलं. "वर या," ते म्हणाले. "लेखी द्या आणि मग घरी बसा."

"मामा, माझ्यामागे कातरीला कोणी हात लावायचा नाही."

"माझा शब्द," मामा म्हणाले.

वरच्या खोलीत बाईंनी दिलं ते लेखी. अक्षर नेहमीसारखं आलं. सही करत होत्या आणि डोक्यावरच्या जाळीतून गार हवेचा झोत त्यांच्या मानेवर आला.

त्या जिने धावत उतरल्या.

पंखा चालू होता. मंडळी हत्यारं पुसत होती. कातर होती तिथेच, भिंतीला टेकून.

"कोणी कापलं?"

"कापलं कुठे?" मामा म्हणाले. "त्यानंच काढलं की."

"कोणी?"

मामा हसले; मग बाईंचा चेहरा बघून हसायचे थांबले. "असं काय करता, मॅडम? धाकट्यानं. तुमच्या भावानं. नेहमीचंच त्याचं, सगळ्यांत शेवटी बाहेर येणार. डोकं दुखतंय म्हणाला, म्हणून मीच घरी पाठवला."

टेबलावरचे सगळे कप रिकामे होते. कोपऱ्यावरचाही.

घराच्या दाराशी पुरुषाचे बूट होते, धुळीनं पांढरे झालेले. आतून आईचं हसणं ऐकू आलं, कितीतरी दिवसांनी. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर त्यांचा लहानपणीचा फोटो होता. बाई दर रविवारी तो पुसत. फोटोत आता त्यांच्या फ्रॉकला धरून एक लहान मुलगा उभा होता.

"आलीस? हातपाय धू," आई म्हणाली. "हा केव्हाचा थांबलाय तुझ्यासाठी."

तीन ताटं मांडली होती. तिसऱ्या ताटावर एक माणूस बसला होता, तिशीतला, वडिलांसारख्या रुंद कपाळाचा. बाईंनी त्याला उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"ये, ताई," तो म्हणाला.

आई जेवली. भात दुसऱ्यांदा घेतला. बाई तिच्या हाताकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मनात म्हणाल्या, असू दे. मला आठवत नाही तर नाही. आई जेवली, बास झालं.

आई ताक आणायला आत गेली.

त्यानं चमचा उचलला आणि ताटाच्या काठावर हलकेच वाजवला. टक टक. मग थोडं थांबून, टक.

"तुला ऐकू आलं होतं ना गं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

बाई त्याच्या ताटात भात वाढायला लागल्या.

"बरं, राहू दे." त्यानं शर्टाच्या खिशातून कुलूप काढून दोघांच्या ताटांमध्ये ठेवलं. कुलूप पांढरं होतं. "पुढच्या सफाईला आत तू जा. कातर मी सांभाळीन."