रोट झाल्यावर जाऊ

ऋतिकानं दारातच तिचे पाय धरले, तेव्हा बेबाबाईच्या मनात जे उसळलं ती करुणा नव्हती... तो आनंद होता. बारा वर्षं काळजाच्या तळाशी दडपून ठेवलेला, कडू, काळाकुट्ट आनंद.

"ताई, यांना... यांना तेच निघालंय. तुम्हाला आहे तेच."

ऋतिका तिची धाकटी जाऊ. फैजपूरच्या घरातून या बारा वर्षांत जळगावच्या या शिवणकामाच्या खोलीपर्यंत कोणी आलं नव्हतं, ना आजारपणात, ना दिवाळीला. आज ती आली होती, पदरानं डोळे टिपत. हितेंद्रला कमरेवर नागीण उठली होती, डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, आणि चार दिवसांपूर्वी रिपोर्ट आला. ऋतिकाचा स्वतःचा रिपोर्ट चांगला होता. हितेंद्रचा नव्हता.

"तुमचं काय झालं होतं ते मला परवा कळलं. आबांच्या तोंडून निघून गेलं."

परवा! तेही सासऱ्यांच्या तोंडून! बेबाबाईला हसू आलं. करावं तसं भरावं म्हणतात, पण देवाच्या घरी एवढा चोख न्याय असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मग औषध सुरू केलं का?"

"नाही ना... कानबाईच्या नैवेद्याचे रोट आलेत. लहानथोर बठ्ठी भाऊबंदकी घरी जेवायला येणार. आत्ता जळगावला चकरा सुरू झाल्या, कोणी पाहिलं, तर आमच्या घरचा रोट कोण तोंडात घालेल? आबा म्हणतात, रोट झाल्यावर जाऊ. मग पुढच्या महिन्यात केळीची कापणी आहे, ती उरकली की..." ऋतिकानं डोळे पुसले. "तुम्ही एवढी वर्षं त्यातून गेलात. तुम्हीच सांगा, थोडं थांबलं तर चालेल ना?"

रोट झाल्यावर जाऊ.

हेच शब्द. त्याच घरातले, याच महिन्यातले. बारा वर्षांपूर्वी जीवराम, तिचा नवरा, तापानं फणफणत ओसरीवर पडला होता आणि त्याचा रिपोर्ट आणायला धाकटा भाऊ हितेंद्र जळगावला गेला होता. येऊन त्यानं सांगितलं, कावीळ आहे. खरा कागद त्यानं आणि आबांनी दाबून ठेवला, कारण हितेंद्रची सोयरीक नुकतीच ठरली होती. आधी रोट होऊ दे, मग लग्न होऊ दे... जीवराम सातपुड्यातल्या झाडपाल्याचे काढे पीत राहिला, आणि धाकट्याच्या अंगावर हळद लागली त्यानंतर अठराव्या दिवशी गेला. आपण कशानं मरतोय हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

दडवलेला कागद हाती लागून तिला कळलं तेव्हा ती विधवा होती, आणि तिच्याही रक्तात तोच एचआयव्ही होता. दवाखान्यातल्या बाईंनी तिला एक दिवस वाया घालवू दिला नाही, त्याच आठवड्यात गोळ्या सुरू केल्या. आणि त्याच आठवड्यात भाईदास आबांनी तिचं बोचकं ओट्यावर आणून ठेवलं होतं. "बागेत एक झाड रोगी निघालं तं आम्ही ते उपटून बांधावर फेकतो. बाकीची बाग वाचवा लागते." भाऊबंदकीत सांगितलं गेलं की नवरा गेल्यावर सुनेची चाल बिघडली. तिनं तोंड उघडलं असतं तर नव्या नवरीचा संसार आठ दिवसांत मोडला असता. म्हणून ती गप्प बसली... याच ऋतिकासाठी, जिच्याशी तेव्हा तिचं धड बोलणंही झालं नव्हतं.

आता तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"होऊ दे रोट," बेबाबाई म्हणाली. "घाई काय आहे?"

ऋतिकाच्या चेहऱ्यावरचा सगळा भार उतरला. ती पुन्हा पाया पडली आणि हलक्या पावलांनी बस स्टँडकडे निघून गेली. बेबाबाई मशीनवर बसली आणि दिवसभर तिनं सहा ब्लाऊज शिवले. इतकी शांत ती कित्येक वर्षांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिनं रोजच्यासारखी गोळी हातावर घेतली, आणि तिचा हात तोंडापर्यंत जाईना. काल जो आवाज तिच्या गळ्यातून निघाला होता तो तिचा नव्हता. तो आबांचा होता, शब्दासकट, हेलासकट. हितेंद्र मरेल, मरू दे मेला... पण मग बोचकं कुणाचं बाहेर येईल? ऋतिकाचं. तिचा रिपोर्ट चांगला असला तरी रोगी झाड तिलाच ठरवतील. आणि हितेंद्र? तो चार खांद्यांवरून सुटून जाईल, रडणाऱ्यांच्या गर्दीत, कसलाही हिशेब न देता. मेलेला माणूस काही फेडत नाही. छे, एवढ्या स्वस्तात त्याला सोडायचं नव्हतं. तिनं गोळी गिळली, लुगड्याचा पदर खोचला आणि फैजपूरची बस धरली.

घरात रोटाचे गहू मोजणं चाललं होतं. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा-सव्वा मूठ. आबांची मूठ सुपावर तशीच राहिली.

"तू इथी कशाले आली?"

"तुमच्या पोराला न्यायला, आबा. दवाखान्यात. आज शुक्रवार, दवाखाना उघडा आहे, आज गेलं तर आज गोळी मिळते."

हितेंद्र आतून आला. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले... क्षणभर तिला दारात जीवरामच उभा दिसला.

"वहिनी, हळू बोला. शेजारी चुलत्याकडचे आलेत. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

आयुष्यात कधी तिनं दिराला अरे-तुरे केलं नव्हतं. "तुझ्या भावालाही तू चारच दिवस सांगितले होतेस, हितेंद्र. ऐक आता. तुला काय आहे ते मी कोणाला सांगणार नाही, ते तुझं तू जाण. पण माझं मला सांगता येतं. तू गाडीत बसला नाहीस तर या अंगणात उभी राहून मी बठ्ठ्या भाऊबंदकीला सांगेन, मला काय झालंय, माझा नवरा कशानं गेला, आणि त्याचा कागद कोणी, कोणाच्या लग्नासाठी दडवला."

ऋतिकाच्या हातातली परात खाली पडली. तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं. "माझ्या लग्नासाठी?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं.

"ताई, काल तर तुम्हीच म्हणालात, होऊ दे रोट..."

"म्हणाले. मला तो मरायला हवा होता म्हणून म्हणाले." बेबाबाई तिच्याकडे वळली. "तुझ्यापुरती माझी चूक झाली बाई. मला माफ कर."

सत्तरीचे आबा गुडघ्यावर हात टेकत उठले, त्यांनी मुठीतले गहू सुपात टाकले आणि खुंटीवरची टोपी घेतली. "गाडी काढ, पोऱ्या. कोणी विचारलं तं मी सांगीन काय सांगायचं ते. माह्या हातून एक पोरगा गेला. दुसऱ्याले बी गेलेल्यात मले मोजता येनार नाही."

जळगावच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, वजन झालं, छातीचा फोटो झाला. रोज एक गोळी, एकही दिवस न चुकवता, मग विषाणू दबून राहतो आणि माणूस सर्वांसारखा म्हातारा होतो, असं तिथल्या बाईंनी समजावलं. दुपारी दोनला डबी हितेंद्रच्या हातात पडली. बाकावर बसून तो त्या एका गोळीकडे बघत राहिला.

"एवढीच?" आबांनी विचारलं. "जीवरामले बी एवढंच लागलं असतं?"

"तेव्हा सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागायची, आबा. पण मिळत होती. याच दवाखान्यात."

म्हाताऱ्यानं टोपी काढून तोंडावर धरली आणि त्याचे खांदे हलू लागले. रिपोर्ट दाबला त्या दिवसापासून कोंडलेलं ते रडणं होतं, आणि बेबाबाईनं ते थांबवलं नाही.

"वहिनी," हितेंद्र म्हणाला, "मला माफ केलं का तुम्ही?"

"नाही."

त्यानं मान खाली घातली. तिनं पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली.

"माफ करून तुला मोकळं करायला मी आलेले नाही. तुला ऐंशी वर्षांचा झालेला पाहायचाय मला. रोज सकाळी ही हातावर घेशील ना, तेव्हा रोज तुला कळलं पाहिजे की तुझ्या भावाला काय नाकारलंस तू. हीच तुझी शिक्षा. घे आता."

त्यानं गोळी तोंडात टाकली आणि रडत रडत गिळली. ती पूर्ण पोटात गेल्याची खात्री होईपर्यंत बेबाबाई त्याच्या समोर उभी राहिली, आणि मग, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्या घरच्या माणसांच्या बाकावर जाऊन बसली.