हेरनच्या दारावरची रिकामी जागा

रेजिनल्ड प्रॉसर, १९५९ ते—

हे नाव खरवडताना मी त्याला पकडलं.

सकाळचे दहा वाजले होते. भुरभुर पाऊस. दुधाच्या बाटल्या आत घ्यायला मी दार उघडलं, तर पायरीवर रंगाचे पोपडे, डोक्यावर शिडी आणि शिडीवर दोन बूट.

"ए! आधी खाली उतरा!"

"उतरतो, बाई. पण तुम्ही शिडीखाली उभ्या आहात. ते अशुभ असतं. आधी बाजूला व्हा, मग भांडू."

तो उतरला. तिशीचा, उंच, कानावर पेन्सिल, एका भुवईवर पांढरा रंग. ह्यू मेरिक, पाट्या रंगवणारा. ब्रुअरीनं, म्हणजे बिअरच्या कारखान्यानं, पाठवलेला.

"माझ्या बाबांचं नाव आहे ते."

"ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणून चाकू न वापरता नखानं काढत होतो."

पबच्या दारावर परवाना असलेल्याचं नाव हवंच, तसा कायदा आहे. आणि बाबा जानेवारीत गेले. आता एप्रिल होता.

"नवं नाव काय लिहू?"

"ठरलं नाही."

खरंच ठरलं नव्हतं. आमच्याकडे पब चालवणाऱ्याला मालक म्हणतात, पण इमारत ब्रुअरीची. शुक्रवारपर्यंत मी सही करायची, नाहीतर किल्ल्या द्यायच्या. ब्रिस्टलला बहिणीकडे खोली तयार होती, नोकरी तयार होती. सही करायला हात मात्र तयार नव्हता…

"मग शुक्रवारपर्यंत मी काय करू?"

मी वर बघितलं. नावाची पहिली चार अक्षरं गेली होती. उरलेले बाबा पावसात भिजत होते.

"अक्षर कसं आहे तुमचं?"

"लोक त्याखाली उभे राहून बिअर पितात. अजून कुणी तक्रार केली नाही."

जोसाया क्लेटन, १७४१ ते १७६६

पहिला मालक. त्याची बिअर एवढी पातळ होती, की नदीवरचा बगळा येऊन तिच्यात मासे शोधायचा, म्हणून पबचं नाव हेरन, म्हणजे बगळा— ही बाबांची थाप. पण नावांची यादी खरी. नगरपालिकेच्या जुन्या नोंदी चाळून त्यांनी ती वहीत उतरवली होती. बावीस मालक. त्यांची पाटी करून शेकोटीवर लावायची, ही त्यांची इच्छा राहून गेली होती.

ते काम मी ह्यूला दिलं. खिडकीपाशी दोन स्टुलांवर ओकची फळी ठेवली. मी वाचायचे, तो लिहायचा. लिहिण्याआधी दोऱ्यानं मोजायचा. एकदा, दोनदा, दहादा. प्रत्येक नाव बरोब्बर मधोमध.

"एका नावाला अर्धा तास?"

"तुम्ही आणखी हळू वाचलंत तर तासभरही लागेल."

मी वही नाकापर्यंत वर घेतली. हसू दिसायला नको होतं.

शेकोटीच्या कोपऱ्यात बेडोज आजोबा बसलेले असत, पायाशी कुत्रा घेऊन. चाळीस वर्षं रेल्वेत सिग्नल पाडले त्यांनी, आता आमच्यावर लक्ष ठेवत.

"पोरी, ज्याची शिडी गाडीच्या टपावर बांधलेली, त्याला पुडिंग वाढायचं नाही. खातो आणि जातो."

"आजोबा, मी अजून मागितलं पण नाही!" ह्यू म्हणाला.

"बघितलंस? नजर मात्र ठेवून आहे."

एबेल पर्टन, १७९८

आठ महिने. पिंपाची तोटी उघडी टाकून पळून गेला.

"एकटाच?"

"शिंप्याच्या बायकोबरोबर."

"मग तोटी आठवायची कशी त्याला," ह्यू म्हणाला, आणि ब्रश माझ्याकडे बघत बुडवला. रंगाऐवजी माझ्या चहात.

थॉमस व्हिकर्स, १८३१ ते १८५९

गुरुवारी दुपारी तो सँडविच खायला चर्चच्या आवारात गेला. रोजच जायचा. थडग्यांवरची अक्षरं बघायची सवय. परत आला तो धापा टाकत.

"तुमचा थॉमस मेल्यावर पंचवीस वर्षं बिअर वाढत होता!"

"काहीतरीच!"

"चला, दाखवतो."

यू नावाच्या सदाहरित झाडाखाली शेवाळलेला दगड होता. त्यानं बाहीनं पुसला. थॉमस व्हिकर्स, मृत्यू १८३४. आणि खाली, बारीक अक्षरांत: 'आणि ॲन, त्याची पत्नी, याच गावच्या हेरनची, १८५९.'

आम्ही दोघं ओल्या गवतात उकिडवे बसलो होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. दोघांनीही तो बाजूला घेतला नाही.

बाबांची चूक नव्हती. नगरपालिकेचा तेव्हाचा कारकून दर वर्षी रस्त्यानं फिरायचा आणि दारावर जे नाव दिसेल ते उतरवायचा. ॲननं नाव बदललंच नव्हतं.

पंचवीस वर्षं. तळघरातून पिंपं चढवणं, दारुड्यांना गचांडी धरून बाहेर काढणं, रविवारची जेवणं… सगळं तिचं. आणि यादीत थॉमस. बावीस पुरुषांची ती यादी मी लहानपणापासून पाठ म्हणायचे. तिच्यात आपल्याला जागा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठांतरानंच शिकवलं होतं.

"का नसेल बदललं तिनं?" मी विचारलं.

"पाटीवाला शिडी घेऊन आला असेल. ती म्हणाली असेल, ठरलं नाही… शुक्रवारपर्यंत थांबा."

मी उठले. "तुम्ही मला बोलताय."

"मी ॲनला बोलतोय. तुम्ही ऐकताय."

"तिचं प्रेम असेल त्याच्यावर!"

"असेलच." तो दगडाकडे बघत राहिला. "पण थॉमस काही पाटी वाचत नव्हता. जे वाचत होते, ते सगळे ॲनच्या हातची बिअर पीत होते."

मला रडू आलं. बाबांसाठी की ॲनसाठी, कळलं नाही. त्यानं रुमाल दिला. त्यालाही रंग लागलेला. माझं नाक उरलेला दिवस निळं होतं, आणि बेडोज आजोबांनी ते संध्याकाळपर्यंत मला सांगितलं नाही.

थॉमस व्हिकर्स, १८३१ ते १८३४
ॲन व्हिकर्स, १८३४ ते १८५९

"एक ओळ वाढली," फळीवर दोरा धरून ह्यू म्हणाला. "खाली दाटी होईल. तुझ्या— तुमच्या नावाला जागा ठेवायची तर…"

"तुझ्या म्हणालास."

"जीभ घसरली."

"घसरली तिथंच राहू दे."

 पुढचं नाव लिहायला त्याला सव्वा तास लागला. मी तर एकदाच वाचलं होतं.

ऑलिव्ह प्रॉसर, १९८७ ते—

शुक्रवारी अकराला ब्रुअरीचा माणूस आला. मी सही केली. अक्षर वाचता येण्यासारखं आलं. बाहेर जाऊन ह्यूला म्हणाले, "बाबांचं उरलेलं नाव काढ. आणि माझं लिही. पूर्ण."

"तू आत जा. बघायचं नाही."

आत ग्लास पुसत बसले. एकच ग्लास, बहुतेक सात वेळा. आज काम संपणार. ब्रुअरीनं त्याला पुढचं गाव दिलेलं होतं, हेरफर्डच्या पलीकडे. जोसायापासून बाबांपर्यंत फळीवर सगळे झाले होते. आता लिहायला कुणी उरलं नव्हतं…

बेडोज आजोबा कुत्र्याला फिरवून आले. टोपी झटकली.

"पोरी, त्या माणसाला मोजता येत नाही. नाव पार एका बाजूला गेलंय."

मी बाहेर धावले.

काळ्या पट्टीवर पांढरी, ओली, सुरेख अक्षरं. पण डावीकडे सरकलेली. उजवीकडे निम्मी पट्टी मोकळी. दहादा दोऱ्यानं मोजणारा माणूस शिडीच्या खालच्या पायरीवर उभा होता, माझ्याकडे न बघता ब्रश पुसत.

"चुकलं?" मी विचारलं.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा."

"ती जागा कशासाठी?"

"कशासाठी नाही." त्याचे कान लाल झाले होते. "रिकामी राहिली तरी चालेल. मी फक्त… भरून टाकली नाही. तू म्हणशील तर खोडून मधोमध लिहितो. तासाभराचं काम आहे."

मी वर बघत राहिले. माझं नाव. त्याच्या शेजारी पावसाचे थेंब, आणि काहीच नाही. ॲनला असं कुणी विचारलं असतं का? तिचं सगळं मोजून, तिचं नाव आधी लिहून, मग बाजूला उभं राहून…

"राहू दे," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. डबे गोळा केले. शिडी मिटली आणि सवयीनं गाडीच्या टपाकडे उचलली.

"ह्यू."

"हं?"

"शिडी ओली झालीय. आत घे."

तो शिडी खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. मग वळला. दारातून ती तिरकी घालताना चौकटीला धडकली, छत्रीच्या स्टँडला धडकली, आणि तळघराच्या जिन्याशी एकदाची भिंतीला टेकली.

कोपऱ्यातून आवाज आला.

"पोरी, पुडिंग उरलंय का गं? या माणसाला वाढ."