चार टोपणं

"माझ्या नवऱ्यानं माणूस मारला नाही," दुर्दाना उंबऱ्यातूनच म्हणाली. "टायर विकले, एवढंच."

ज़हरानमामांनी तिला बसायला सांगितलं. रय्यानं पाण्याचा पेला दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायली नाही.

रविवारी काय घडलं, ते वाळवंटाच्या कडेच्या बिदिया गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सुलैम पहाटेच्या नमाजानंतर मस्कतला निघाला आणि हमरस्त्यावर त्याच्या जीपचं मागचं टायर फुटलं. गाडी कोलांट्या खात गेली. सुलैम जागीच संपला. टायर मुरादच्या दुकानातले, पंधरवड्यापूर्वीच बसवलेले. फुटलेल्याच्या पार चिंध्या झाल्या होत्या. मुरादनं तीन नव्यांत एक जुनं खपवलं, असं पोलिसांनी ठरवलं आणि त्याला कोठडीत टाकलं.

"सुलैमची बायको म्हणते, सोडणार नाही. तिचं बरोबरच आहे हो, पदरात पोरं आहेत. पण पोरं माझ्याही पदरात आहेत."

मामांची सगळी नोकरी विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर लोक खासगी चौकशा घेऊन दारी येऊ लागले. नजर अधू झाल्यामुळे त्यांना गाडी चालवता येत नसे. मग भाची रय्या तान्ही लेक आईकडे ठेवून त्यांना नेत असे.

"मामा, टायर खरंच जुनं निघालं तर?"

"तर मुराद आत राहील. तू समोर बघून चालव."

कोठडीच्या गजांमागे मुराद खाली मान घालून बसला होता.

"चारही नवे होते, चाचा. हवा भरली, व्हॉल्व्हची टोपणं माझ्या हातानं घट्ट केली. सुलैमभाईंना म्हटलंसुद्धा, आठवड्यानं दाखवून जा."

"आला होता?"

"शनिवारी आला असेल तर माहीत नाही. धाकट्याला ताप होता, दुकान बंद ठेवून दवाखान्यात होतो."

चौकीमागच्या आवारात जीप कुशीवर पडली होती. मामा धड राहिलेल्या एका चाकाजवळ बसले आणि टायरच्या कडेवरून बोटं फिरवू लागले.

"रय्या, इथं चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. वाच."

"याच वर्षाचे आहेत. तिन्हींवर."

"आता मीटर लाव."

रय्यानं हवा मोजली. तिन्ही टायर अर्धेमुर्धेच भरलेले निघाले, आणि तिन्हींत काटा एकाच जागी थांबला.

"आपटल्यावर हवा गेली असणार, मामा. हवालदारही तेच म्हणाला."

"हं. टोपणं कुठायत?"

चारपैकी एकाही चाकाच्या तोंडावर टोपण नव्हतं.

"उडाली असतील."

"उडाली असतील," मामा तिच्याच सुरात म्हणाले. "तुझ्या लेखी सगळं उडूनच जातं."

मागच्या बाजूला खजुराचा एक रिकामा लाकडी खोका अडकून होता. फळ्यांवर धुळीत पावलांचे ठसे होते. पुढे ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली तांबूस वाळू साठली होती.

"कुणीतरी खोक्यावर चढून खजूर काढले असतील," रय्या म्हणाली.

मामा हसले नाहीत. त्यांनी ती वाळू चिमटीत घेऊन चोळली आणि हात झटकला.

सुलैमच्या घरात अजून शोकाला आलेल्यांचे पेले धुवायचे होते. सुलैमची बायको शमसा इद्दतीत होती, परक्या पुरुषांसमोर येत नव्हती; म्हणून आत रय्या एकटीच गेली.

"ते वाळूत चाक घालायचे नाहीत," शमसा म्हणाली. "सासरे वाळूत हरवले ना. शोधायला हेच गेले होते. तेव्हापासून घरात कुणाला परवानगी नव्हती."

"शनिवारी गाडी कुठं होती?"

"दारातच असणार. ते मित्राच्या गाडीतून सिनावला मयतीला गेले होते आणि मी माहेरी होते. रात्री उशिरा आलो, आणि हे पहाटे घाईत निघाले. अम्मांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख घ्यायची होती. एरवी चाकं बघितल्याशिवाय निघत नसत." तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "त्या दिवशीच कशी घाई झाली हो."

रय्या जवळ सरकून बसली.

रय्या बाहेर आली तेव्हा सुलैमचा धाकटा भाऊ हमूद मामांना कहवा देत होता.

"शनिवारी घरी कोण होतं?" मामांनी विचारलं.

"मी आणि आई."

"कुठं गेला होतात?"

"आई कुठं जाणार, काका? पाच-सहा वर्षं झाली, अंगणाबाहेर पडलेली नाही. गुडघे कामातून गेलेत. जीपमध्ये चढवत नाही तिला."

हमूदची आई, म्हाताऱ्या ज़ुवैनाअम्मा, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओढणीच्या टोकाला गाठ मारलेली होती, आणि बोटं सारखी तिच्यावरून फिरत होती. आत वेलदोडे असावेत, असं रय्याला वाटलं.

"दिसतं किती, मावशी?" मामांनी विचारलं.

"सावलीएवढं. ओळखीचं असलं की जास्त."

"माहेर वाळूतलं ना तुमचं?"

त्यांचा चेहरा उजळला. "वाळूतलंच. विहिरीजवळ. घाफच्या झाडाखाली जन्मले मी. केवढं झाड होतं. आता एका अंगानं वाळलंय, विहिरीकडच्या. दुसऱ्या अंगाला मात्र हिरवं आहे हो अजून."

हमूदनं कहव्याचं भांडं खाली ठेवलं.

मामांनी पेला हलवून पुरे म्हटलं. "रय्या, आतलं दार जरा उघडं ठेव. शमसालाही ऐकू जायला हवं."

रय्यानं दार उघडलं आणि ती तिथंच थांबली.

"धड राहिलेले तिन्ही टायर नवे होते," मामा म्हणाले. "हवा कमी होती. आपटून गेली असती, तर कुठल्या चाकातली थोडी, कुठल्यातली सगळी गेली असती. तिन्हींत सारखी राहिली, म्हणजे कुणीतरी मोजून काढली होती. आपल्याकडे चारही चाकांची हवा लोक एकाच कारणानं काढतात."

"वाळूसाठी," रय्या पुटपुटली.

"चाक पसरतं आणि रुतत नाही. पण तेच चाक तसंच हमरस्त्यावर भरधाव पळवलं की तापतं, आणि नवं असलं तरी फुटतं. सीटखाली वाळू सापडली. सुलैम तर वाळूत जात नव्हता. मग गेलं कोण? ज्याला चढायला खोका लागतो, ते माणूस. ते बसलं ड्रायव्हरशेजारी, आणि त्याच सीटखाली वाळू होती." त्यांनी हळूच मान वळवली. "मावशी, सहा वर्षं अंगणाबाहेर न पडलेल्या बाईला झाड कुठल्या बाजूनं वाळलं, ते कसं कळलं?"

"काका, तिला यात ओढू नका," हमूद उठला. "मी नेलं. चूक माझी आहे. डोळे जायच्या आधी एकदा झाड बघायचंय, म्हणाली. दादानं नेलं नसतं. परतताना हवा भरणारच होतो, पण मुरादचं शटर खाली होतं. आई दमून थरथरत होती. म्हटलं, उजाडल्यावर भरू." तो पुन्हा खाली बसला. "उठलो तेव्हा गाडी दारात नव्हती."

"आणि मुरादला आत टाकलं, तेव्हा?"

"बोललो असतो तर आईला कळलं असतं, की तिच्या झाडापायी दादा गेला. ती जगली असती का, काका?"

मामा अम्मांकडे वळले. "मावशी, ती गाठ सोडता?"

अम्मांनी गाठ सोडली. वेळ लागला, पण कुणी मदतीला गेलं नाही. तळहातावर चार काळी टोपणं होती.

"यानंच दिली होती," त्या म्हणाल्या. "म्हणाला, धर आई, वाळूत हरवतील. रविवारी बायका रडत आल्या, तेव्हा ही माझ्याकडेच होती. वाळूतली आहे मी. काय झालं, ते मला तेव्हाच कळलं."

"आई..."

"एक गेला होता. मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्यालाही पोलिसांनी नेलं असतं." त्यांनी चाचपडत हमूदचा हात शोधला आणि टोपणं त्यात ठेवली. "मला कळू नये म्हणून तू गप्प, आणि तुला नेऊ नयेत म्हणून मी. आणि तिकडे त्या पोरीचा नवरा कोठडीत."

आतल्या दारात सावली हलली. शमसा काही बोलेल, असं रय्याला वाटलं. पण तिनं आतूनच अम्मांची काठी उंबऱ्याबाहेर सरकवली आणि दार हळूच लावून घेतलं.

"चल, ठाण्यावर," अम्मा हमूदला म्हणाल्या. "मीही येते. झाड मला बघायचं होतं, हे मलाच सांगू दे."

रय्यानं गाडी दाराशी आणली. पायरी उंच होती. ती आजूबाजूला काही सापडतंय का पाहू लागली, तोवर हमूद धुळीत बसला आणि त्यानं एक गुडघा पुढे केला.

अम्मांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून तोल सावरला. मग त्याच्या गुडघ्यावर पाय देऊन त्या वर चढल्या.