लोदोईच्या शोधात, शेपटीजड विमानातून

उंटपाळ लोदोईला शोधायचं होतं, तेही ऊन त्याचा घास घेण्याआधी! धुळीच्या वादळात उधळलेल्या उंटांमागे तो दक्षिणेकडच्या वाळूत शिरला, तो परतलाच नव्हता. जीप पहिल्याच टेकडीत रुतून माघारी आली होती. आता सारी आशा होती ती तंबूंसमोर उभ्या असलेल्या त्या हलक्या विमानावर. नळ्यांचा सांगाडा, कापडाचे पंख, पुढे उघड्यावर वैमानिकाची सीट आणि तिच्या पाठीमागे इंजिन. उरिनतुया आणि तिचा भाऊ गाल्सान यांनी ते एका कोरियन हौशी माणसाकडून जुनं विकत घेतलं होतं आणि ते आदल्याच दिवशी ट्रकमधून गोबीच्या वाळवंटात उतरलं होतं.

लोदोईचा थोरला भाऊ चोइजिल दुधाचा करा घेऊन आला. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून चाकांवर दूध शिंपडून म्हणाला, "चल पोरी, चढ आता!"

"अजून नाही, काका. आधी तोल बघायचाय."

"तोल? तिकडे माझ्या भावाचा जीव सुकतोय आणि तू इथे वजनं करत बसणार?"

पण उरिनतुया हलली नाही. विमानाच्या कागदांवर जुन्या इंजिनाचे आकडे होते, आणि बसवलेलं इंजिन मोठं दिसत होतं. शिवाय आधीचा मालक चांगला आडदांड गडी. ती त्याच्या निम्मीसुद्धा भरली नसती.

"काका, नाक हलकं आणि शेपटी जड झाली, तर हे विमान तोंड वर करून उभं राहतं आणि दगडासारखं खाली येतं. मग तुम्हाला एकाऐवजी दोघांना शोधावं लागेल."

चोइजिल स्वतःच तंबूत जाऊन काश्मिरी लोकर तोलायचा काटा उचलून घेऊन आला.

गाल्सानने पाण्याची बाटली आडवी ठेवून, तिच्यातला बुडबुडा मध्ये येईपर्यंत शेपटीखाली फळ्या सरकवल्या. उरिनतुया सीटवर बसली. एकेका चाकाखाली काटा गेला, बाकीच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीचे ठोकळे. शेपटीच्या चाकापाशी गाल्सान थबकला. त्याने काटा पुन्हा वाचला, पुन्हा अंतर मोजलं.

"तुये," तो हळूच म्हणाला, "हे घेऊन उडाली असतीस तर मेली असतीस गं."

नाकात वजन हवं होतं. वाळू भरली तर पाणी नेता येत नव्हतं. दोन्हींचा भार इंजिनाला पेलला नसता. गाल्सानने डोकं खाजवलं. "पाणी न्यायचंच आहे ना? मग तेच नाकात बांधू!" पाण्याचा कॅन तिच्या पायांपुढे पट्ट्यांनी आवळला, आणि काटा जागेवर आला.

विमान उडालं!

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. खाली वाळूच्या लाटा पसरल्या होत्या, त्यांच्या कडांवरून धूळ धुरासारखी उडत होती आणि मधूनच झागची खुरटी झुडपं तग धरून उभी होती. मग तापलेल्या वाळूवरची हवा उसळू लागली. विमान वर फेकलं जाई, खाली आदळे. उरिनतुयाचे दात एकमेकांवर आपटत होते. उंट कुठेच नव्हते. त्यांच्या पावलांची रेघ सरहद्दीकडे जाऊन विरली होती.

आणि झुडपांच्या सावलीत तिला काहीतरी हललेलं दिसलं. निळी देल, लांब मंगोल अंगरखा, घातलेला माणूस! शेजारी एकच सांडणी बसलेली. लोदोई एका पायावर उभा राहून टोपी हलवत होता.

ती खाली झेपावली. कॅन टाकायचा! तिने सुरी काढली, पट्टीवर टेकवली...

आणि हात आखडला.

तो कॅन नुसतं पाणी नव्हता. तो तिचा तोल होता! तो सुटला की शेपटी खाली, नाक वर, आणि संपलं सगळं. खाली उतरावं तर मऊ वाळू, चाकं रुतून विमान उलटलं असतं. तिने दात आवळले आणि विमान वळवलं. मागे पाहिलं तेव्हा लोदोई मटकन खाली बसला होता. ही आपल्याला सोडून चालली असंच त्याला वाटलं असणार! तिला रडू फुटलं, पण ती ओल्या डोळ्यांनी जमीनच धुंडाळत राहिली.

टेकडीपलीकडे एक पांढुरका पट्टा चमकला. वाळलेल्या तळ्याची टणक माती! ती उतरली. विमान धडधडलं, तिरकं झालं, थांबलं.

पाणी घेऊन जायच्या आधी नाकात तेवढ्याच वजनाची भरपाई हवी होती. तिने अंगातली देल उतरवून तिचं गाठोडं केलं आणि त्यात वाळू भरली. वाऱ्यात विमान जमिनीशी बांधून ठेवायला सोबत असलेली लांब नळी मधोमध दोरीने पंखाखालच्या आधाराच्या दांडीला टांगली. एका टोकाला कॅन, दुसऱ्याला गाठोडं. नळी कलली. ओंजळभर वाळू घातली, थोडी काढली, आणि नळी आडवी स्थिर झाली. गाठोडं नाकात पक्कं बांधून ती कॅन ओढत टेकडी चढू लागली. दोन पावलं वर, एक पाऊल खाली!

माथ्यावर तिला पाहताच लोदोईने सुकल्या ओठांनी शिवी हासडली. "गेली होतीस कुठे, सटवे? मी तर मरायची तयारी करून बसलो होतो!"

"मग आता ती मोडा," ती धापा टाकत म्हणाली. "आणि घोट घोट प्या, घाई नको."

त्याचा घोटा सुजून भोपळा झाला होता. पाणी पोटात जाताच तो पुन्हा उंटांमागे जायची भाषा करू लागला. "आता सांडणीवर बसतो आणि बाकीची जनावरं घेऊनच..."

"उंट सरहद्दीपार गेले, काका. तुम्ही हलायचं नाही. मी जीप आणते."

परतीला ती फक्त सदऱ्यावर होती. उंचीवरचा गार वारा हाडांत शिरत होता. पण नाक सरळ होतं, आणि वरून तिला कोरड्या ओढ्याची वाट दिसली, तंबूंपासून थेट त्या तळ्यापर्यंत पोचणारी.

तंबूंपाशी पेट्रोल भरून ती पुन्हा उडाली. ती वरून वाट दाखवत होती आणि गाल्सान चोइजिलला शेजारी बसवून जीप हाकत होता. ऊन कलता कलता, विमान आणि जीप तळ्यावर ठेवून, तिघंही लोदोईपाशी पोचली. चोइजिल धावला, धाकट्या भावासमोर उभा राहिला आणि कडाडला, "गाढवा! उंट पुन्हा मिळतात!"

त्याने भावाचं डोकं छातीशी धरलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. लोदोई ओशाळून म्हणाला, "बस्स की दादा, पोरगी बघतेय."

पोरगी बघत नव्हतीच. ती वाळूत बसली होती आणि दिवसभर न थरथरलेले तिचे हात आता लटलटा कापत होते. गाल्सानने थर्मासमधला खारट दुधाचा चहा ओतून वाटी तिच्यापुढे धरली. तिच्या हातून ती सांडणार हे त्याने ओळखलं, आणि तिचा श्वास शांत होईपर्यंत स्वतःच्याच हाताने तिला एकेक घोट पाजत राहिला.