दोघांची सभा

मार्लिस ट्वाइटची गाडी रुतली ती बरोब्बर ओस्टबींच्या शेताच्या कुंपणापाशी. एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागला की मोंटानातल्या कच्च्या रस्त्यांचं नुसतं लोणी होतं. बारा वर्षं घरोघरी फिरलेल्या समाजसेविकेला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी तिचं लक्ष रस्त्यावर होतंच कुठे! गावच्या शाळा मंडळावर अकरा मतांनी निवडून येऊन एकच दिवस झाला होता, आणि गाडी चालवता चालवता बाईसाहेब भाषणाची तालीम करत होत्या.

ट्रॅक्टर घेऊन एक उंच माणूस आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"उतरता, की गाडीसकट ओढू?"

"गाडीसकटच ओढा. बूट नवे आहेत."

"मग राणीसरकारांनी काच वर घ्यावी..."

काच वर जाण्याआधीच चिखलाचा फवारा आत आला. त्याने ओशाळून रुमाल पुढे केला – तोही ग्रीसने माखलेला. दोघंही हसत सुटली. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला, आणि त्यातला बराचसा वेळ गाडी केव्हाच बाहेर निघालेली होती. नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

सोमवारी शपथविधीला तिसऱ्या खुर्चीत तोच! रूबेन ओस्टबी. एक सदस्य गाव सोडून गेला, त्याच्या जागी नेमलेला. मधल्या खुर्चीत अध्यक्षा आर्डिथ कोल्बबाई. वय सत्तर, आणि नियमांच्या बाबतीत देवालाही सूट न देणाऱ्या.

"आपण तिघंच," बाईंनी बजावलं. "त्यातले दोघं कुठेही भेटून शाळेबद्दल एक शब्द बोलले, तरी ती सभा होते. सभा म्हणजे आधी नोटीस, आणि गावाला दार उघडं. कळलं?"

"कळलं," दोघं एकदम म्हणाली, आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं... म्हणजे एकदाच बघितलं.

मग दर गुरुवारी ती दोघं वांडाच्या खानावळीत जेवू लागली. शाळा सोडून जगातलं सगळं बोलून झालं. त्याला गोधड्या शिवता येतात, हेही तिला कळलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मात्र दोघांनाही सांगता आलं नसतं. पण सकाळी किती मुलं उपाशीपोटी वर्गात येतात, ते मार्लिसने घरोघरी पाहिलं होतं. त्यांना शाळेत न्याहारी मिळावी म्हणून तर ती निवडणुकीला उभी राहिली.

"आज ती धाकटी..." ती सुरू करायची आणि जीभ चावायची.

"बटाटे घे," रूबेन हळूच म्हणायचा. त्याचे डोळे मात्र म्हणायचे, बोल ना...

सप्टेंबरच्या सभेत धान्यवाला हार्लन उभा राहिला. "हे दोघं कोपऱ्यात बसून शाळेचं परस्पर ठरवतात!" मार्लिसचा चेहरा उतरला. पुढच्या महिन्यात न्याहारीवर मतदान होतं. हा संशय चिकटला तर ठराव बाराच्या भावात जाणार. म्हणजे खुर्ची तरी सोडायची, नाहीतर रूबेन.

"आपण नको भेटूया," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"कधीपर्यंत?"

"माझी मुदत तीन वर्षांची आहे."

"तीन वर्षं! तोवर माझे केस जातील. मग तू मला ओळखशील तरी का?" तो हसला, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "एकदा शेवटचं जेवूया. हवं तर नोटीस लाव."

तो बोलला थट्टेत, हिने खरंच लावली. शाळेच्या दारावर, पोस्टात, खानावळीत: 'गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मंडळाचे दोन सदस्य वांडाकडे जेवतील. शाळेबद्दल चर्चा नाही. कोणताही निर्णय होणार नाही.'

गुरुवारी झाडून सगळं गाव आलं. चर्चमधून खुर्च्या आणाव्या लागल्या. हार्लन पहिल्या रांगेत, आणि शेजारच्या टेबलाशी कोल्बबाई, पुढ्यात सफरचंदाचा केक.

मार्लिसला घास गिळवेना. "ऐंशी माणसं माझ्या ताटात बघतायत," ती कुजबुजली.

"मी पण," रूबेन म्हणाला, "पण मी ताटात नाही बघत."

मग तो उठला आणि घडी घातलेला कागद त्याने कोल्बबाईंच्या हातात दिला.

"माझा राजीनामा. ती निवडून आलीय. मी नुसती खुर्ची गरम करत होतो." तो मार्लिसकडे वळला. त्याचे कान लाललाल झाले होते. "सकाळी उठल्या उठल्या तू शाळेबद्दल बोलावंस आणि मी ऐकावं... रोज. मार्लिस, लग्न करशील माझ्याशी?"

मार्लिसने आनंदाने तोंड उघडलं, तोच कोल्बबाईंनी चमचा आपटला.

"थांब! निर्णय होणार नाही, असं लिहिलंयस तू."

"अहो, तो आता सदस्य नाही ना!" ओरडला कोण, तर हार्लन.

"तो नाही. पण ही आहे आणि मी आहे. दोघी झालो. म्हणजे सभा चालूच."

बाईंनी मार्लिसकडे पाहिलं, तिचे भरून आलेले डोळे पाहिले. मग कोट चढवला, केकची बशी उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या.

"अहो बाई, एवढ्या थंडीत कुठे?" वांडाने विचारलं.

"मी इथे असेपर्यंत ही पोरगी 'हो' कशी म्हणणार?"

दार लागलं. काचेपलीकडे, वाऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून कोल्बबाई शांतपणे केक खाऊ लागल्या.

"हो," मार्लिस म्हणाली.