ओल्या मातीवरचा अंगठा

शिष्या आली तेव्हा धाकटा ताईच्या ऑफिसात बसून आपल्याच कार्यक्रमाची तारीफ ऐकत होता. तारीफ करणारी ताईच असल्यामुळे तीत निम्मी टिंगल होती.

धाकटा दर आठवड्याला रेडिओवर न उलगडलेल्या गोष्टी सांगायचा. बंद खोलीतली पावलं, आपोआप वाजणारी पेटी, असलं सगळं. ताईचा धंदा खाजगी तपासाचा. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण भावाचा कार्यक्रम ती एकदाही चुकवत नसे. ऐकताना मस्त घाबरायचं आणि संपलं की उठून खिडकीची कडी तपासायची, दोन्ही जमतं माणसाला, असं तिचं म्हणणं होतं.

आत आलेल्या मुलीच्या नखांत पांढरी माती होती. धाकट्याचा आवाज कानावर पडताच ती दारातच थबकली.

"माझा भाऊ आहे," ताई म्हणाली. "नको असेल तर बाहेर बसवते."

"बसू देत. त्यांच्यापासूनच सुरुवात झाली."

धाकट्याने मान खाली घातली. ही कोण ते त्याला पुरतं ठाऊक होतं. गेल्या महिन्यात त्याने हिच्याच गुरूची गोष्ट सांगितली होती.

चिनी मातीचे कप बनवणारे ते मास्तर. कप मनासारखा उतरला, की त्याच्या कानाच्या बुडाशी ते उजवा अंगठा दाबायचे. अंगठ्यावर जुन्या जखमेचा तिरपा व्रण होता, त्यामुळे ती खूण कुणालाही ओळखू यायची. मास्तर वारले. आणि महिनाभराने, शिष्येने संध्याकाळी झाकून ठेवलेल्या ओल्या कपांपैकी एकावर सकाळी तोच अंगठा उमटलेला सापडला. मग असं वरचेवर व्हायला लागलं. धाकट्याने ही गोष्ट इतकी रंगवली, की निवेदन करताना त्याच्याच अंगावर काटा आला. शेवटी खालच्या आवाजात तो म्हणाला होता, "कारखान्याची किल्ली फक्त एका व्यक्तीकडे असते. मास्तरांच्या शिष्येकडे. आता काय मानायचं, ते तुम्हीच ठरवा."

लोकांनी ठरवलं. गिऱ्हाइकं तिला अंगठा दाखव म्हणू लागली. कारखान्याच्या भिंतीवर कुणी तरी 'ढोंगी' असं खरडून गेलं. एका शाळेत मुलांना मातीकाम शिकवायची नोकरी तिला मिळाल्यातच जमा होती. त्या शाळेने प्रकरण निवळेपर्यंत थांबा असं कळवलं.

आणि दुसरी किल्ली मास्तरांच्या घरी, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते, हे धाकट्याला माहीत होतं. मास्तरांच्या बायकोनेच त्याला ती दाखवली होती. दोन किल्ल्यांनी गोष्ट सैल पडत होती, म्हणून त्याने एक काढून टाकली. हे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, ताईलाही नाही.

"मी हे केलेलं नाही, एवढंच सिद्ध करा," शिष्या म्हणाली. "कोणी केलं ते शोधू नका."

ताईने भुवई उंचावली. "एक सापडल्याशिवाय दुसरं सिद्ध कसं व्हायचं? शोधेन. सांगायचं की नाही ते नंतर बघू."

कारखाना म्हणजे घराला चिकटूनच एक लांबट खोली. चाक, मातीचे पिंप, कोपऱ्यात भट्टी. फळीवर ओले कप मांडलेले होते आणि त्यांतल्या एकावर त्याच सकाळी अंगठा उमटला होता. मास्तरांची बायको, म्हणजे काकू, त्या कपाशेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. मास्तर गेल्यावर या बाईने अंथरूण धरलं होतं, जेवण टाकलं होतं. पहिला ठसा दिसला त्या दिवशी त्या उठल्या, खिडक्या उघडल्या आणि भूक लागली म्हणाल्या. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, हसत.

धाकट्याला हे कप अवाढव्य वाटले. घागरीतून चहा प्यायचा का, असा विनोद त्याने करून पाहिला.

"ओले असताना मोठेच दिसतात," शिष्या सरळ म्हणाली. "सुकताना आणि भट्टीत आकसतात. मोठा केला तर कुठे नेमका होतो."

ताई कपावर वाकली. तिने आगपेटीतली एक काडी घेतली, ठशाशेजारी धरली आणि ठशाच्या लांबीएवढी मोडून घेतली. मग धाकट्याला म्हणाली, की खळग्यातून बोट फिरव, पण हलकेच. त्याने फिरवलं. व्रणाची रेघ लागली आणि तिच्या टोकाशी खसखशीएवढा एक उंचवटा.

नंतर त्या दोघांनी स्वयंपाकघरात मास्तरांच्या हातचा एक जुना, भाजलेला कप काढून घेतला. ताईने काडी त्याच्या ठशावर ठेवली. काडी टोकाला टोक लावून बसली.

"तंतोतंत," धाकटा हरखून म्हणाला. "ताई, तोच अंगठा आहे. आता बोल."

"तंतोतंत आहे खरा," ताई म्हणाली आणि काडी पर्समध्ये टाकली.

तिची नजर खिळ्यावरच्या किल्लीकडे गेली. ही कसली म्हणून तिने विचारलं. मागोमाग आलेल्या काकूंनी कारखान्याची म्हणून सांगितलं आणि पुढे सहज म्हणाल्या, "यांना दाखवली होती की मी."

ताई धाकट्याकडे वळली. लहानपणी बरणी फोडल्यावर आई अशीच बघायची, आणि त्यापेक्षा दोन रट्टे परवडायचे.

बाजारात मास्तरांचा माल विकणारा दुकानदार गप्पिष्ट निघाला. अंगठ्याच्या कपांसाठी लोक दुकानाच्या पायऱ्या झिजवत होते, आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं. पण मला कशाला यात ओढता, असं त्याचं म्हणणं. तो आणि मास्तर एकाच गुरूकडे शिकले, पुढे पाठीने दगा दिला म्हणून त्याने चाक सोडलं. मास्तरांच्या पोराने मात्र मातीला कधी हात लावला नाही, एवढं एक दुःख ते घेऊन गेले, हेही त्याने सांगून टाकलं.

ते पोर आता चाळिशीला आलं होतं. आईबरोबरच राहायचं आणि दातांच्या कवळ्या बनवायचं. त्याची काम करण्याची खोली लखलखीत होती. टेबलावर जबड्यांचे साचे ओळीने ठेवले होते, जणू सगळे मिळून धाकट्याला हसत होते. वडील गेल्यापासून आईशी काय बोलावं तेच कळत नाही, असं तो म्हणाला. कामाविषयी मात्र भरभरून बोलला. मऊ लगदा दातांवर दाबून ठसा घ्यायचा, त्यात दुसरा माल ओतायचा, की हुबेहूब प्रतिकृती हातात.

"केसभर फरक चालत नाही," तो अभिमानाने म्हणाला. "माप हललं, की माणसाच्या घासागणिक कळ. तोंडात आहे तसंच बाहेर उतरलं पाहिजे."

त्याचा चहाचा कप वडिलांनीच दिलेला होता. ताईने तो उचलला, कानाच्या बुडाशी अंगठा फिरवला आणि ही टोचणारी कणी कसली म्हणून विचारलं. झिलईचा फोड आहे, भट्टीत आला असेल, असं तो म्हणाला आणि त्याने कप हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

वाटेत धाकट्याने आपला निष्कर्ष मांडला. फायदा दुकानदाराचा, म्हणजे काम दुकानदाराचं. ताई म्हणाली, "तू गोष्टच सांग बाबा. ते तुला छान जमतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना कारखान्यात बोलावलं.

"हे अंगठे मास्तरांचे नाहीत," तिने सुरुवात केली. "ओल्या मातीवर खरा अंगठा दाबला, तर ठसा अंगठ्याएवढा पडतो. कप भाजला की कपाबरोबर ठसाही आकसतो. म्हणजे मास्तर भूत होऊन आले असते, तरी त्यांचा ओला ठसा भाजलेल्या ठशापेक्षा मोठा भरला असता. मी काडी लावून पाहिली. ओला आणि भाजलेला, दोन्ही सारखे."

तंतोतंत, हा आपलाच शब्द धाकट्याच्या कानात वाजला आणि त्याची कानशिलं तापली.

"तेव्हा हा शिक्का आहे, भाजलेल्या कपावरून उतरवलेला. मातीत काम केलेला माणूस ही चूक करणार नाही. तो शिक्का थोडा मोठा करेल. शिष्या रोज आकसण्याचा अंदाज घेऊनच कप घडवते. तुम्हीही त्यातलेच," ती दुकानदाराला म्हणाली, "तेव्हा तुम्ही सुटलात. आता घरचं बोलायचं आहे, तुम्ही निघालात तरी चालेल."

दुकानदार नाइलाजाने उठला. तो गेल्यावर ताईने दार लावून घेतलं.

"उरला तो माणूस, ज्याच्या धंद्यात माप केसभर हलणं हेच पाप. त्याने फार इमानाने नक्कल केली. त्याच्या कपावर झिलईचा फोड आहे, तोसुद्धा नकलेत उतरला. ओल्या ठशात तोच उंचवटा आहे, व्रणाच्या त्याच टोकाला. किल्ली तर घरातच असते."

मुलाने नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"आई जेवत नव्हती," तो म्हणाला. "एकदाच करायचं ठरवलं होतं. ती उठली, हसली. मग थांबवता येईना." तो शिष्येकडे वळला, पण तिच्या डोळ्यांपर्यंत त्याची नजर पोहोचली नाही. "तुझ्यावर आलं तेव्हा बोलायला हवं होतं. रोज ठरवायचो. लाज वाटायची, म्हणून गप्प बसायचो, आणि गप्प बसलो याची आणखी लाज."

काकू ओल्या कपाकडे पाहत होत्या. ताईने स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसत विचारलं, "काकू, तुम्ही जन्मभर माती मळलीत. तुम्हाला माप कळलं नाही?"

काकूंनी कपावर ओलं फडकं पसरलं.

"पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "मातीची जाण नसलेलं या घरात एकच माणूस आहे. माझ्यासाठी पोरगं चोरासारखं उठतंय, हे बघूनच मला भूक लागली. त्याला उघडं कसं पाडू? मग हिच्यावर बालंट आलं. ही बोलत नाही, तर चाललंय ते चालू दे, असं केलं मी. पोटच्या पोरासाठी परक्याची पोर होळीत ढकलली."

"मला परकी म्हणू नका, काकू," शिष्या म्हणाली.

"तुलाही ठाऊक होतं," ताई तिला म्हणाली. ती विचारत नव्हती.

"माप माझ्याही लक्षात आलं होतं. काकू जेवायला लागल्या होत्या ना. म्हणून म्हटलं, कोणी केलं ते शोधू नका."

काकू उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिचे मातीचे हात हातात धरून रडल्या. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

धाकट्याला तिथून निघून जावंसं वाटलं. मुलाने लपवलं ते आईसाठी, आईने मुलासाठी, आणि या पोरीने तर दोघांसाठी स्वतःचं नाव मातीत घातलं. लपवलं त्यानेही होतं. कोणासाठी?

"दुसरी किल्ली मला माहीत होती," तो म्हणाला. "मी मुद्दाम सांगितली नाही. त्याने गोष्ट बरी होत होती."

शिष्येने त्याच्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग आता सांगा, रेडिओवर," ती म्हणाली. "पण दादाचं सांगायचं नाही, काकूंचं नाही, मापाचंही नाही. फक्त किल्लीचं सांगा, आणि तुम्ही ती का गाळली ते."

धाकट्याच्या हाती अशी गोष्ट आयुष्यात आली नव्हती. काडी होती, कवळ्या होत्या, जाणूनबुजून गप्प बसलेली आई होती. लोक जागचे हलले नसते. त्याने ताईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या कार्यक्रमात त्याने संगीत लावलं नाही. किल्ल्या दोन होत्या, हे मला ठाऊक होतं, तरी मी एकच सांगितली, तुम्हाला मजा यावी आणि माझं कौतुक व्हावं म्हणून. त्या मुलीने काही केलेलं नाही, तिची मी माफी मागतो, असं तो म्हणाला. वाक्यं छोटी होती, तरी दोनदा अडखळला.

लगेच फोन येऊ लागले. पहिल्याच श्रोत्याने उत्सुकतेने विचारलं, "म्हणजे मास्तर खरंच येतात तर?"

"ते मी सांगणार नाही," धाकटा म्हणाला. पुढच्यालाही त्याने तेच सांगितलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. एकाने तर कार्यक्रमात आता पूर्वीची गंमत उरली नाही असं सुनावलं. धाकट्याने पुढचा फोन घेतला.

त्या आठवड्यातच शाळेने शिष्येला बोलावून घेतलं. तिने ते ताईला फोन करून कळवलं, धाकट्याला नाही.