शेवटचा डबा

चहाला फेस चढू दे, तोवर सांगतो. ऐकीव नाही हे. फरज माझा सख्खा पुतण्या, आणि त्याला थापा मारता आल्या असत्या तर एव्हाना तो पुढारी झाला असता.

गेल्या साली, शाबान महिन्यातली चौदावी, पुनवेची रात्र. फरजच्या रीमला विंचू चावला. पाच वर्षांची पोर. हात सुजून टम्म, ओठ निळे. गावच्या दवाखान्यात विंचवावरचं इंजेक्शन नव्हतं. फरजचा मेव्हणा मिलूद गाडी घेऊन तोब्रुकला पळाला. इंजेक्शन मिळालं, तो परत निघाला, आणि गिब्लीचं वादळ सुटलं. वाळूत चंद्रसुद्धा बुडाला.

मिलूदचा फोन आला. "दाजी, जुन्या विमानतळाच्या तोंडाशी आहे. गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही."

"हलू नकोस. धावपट्टीच्या दोन्हीकडे युद्धातले खड्डे आहेत. मी दिवे लावतो, मग ये."

दिवे आपले नेहमीचेच. कापलेला डबा, त्यात वाळू, वाळूवर पेट्रोल. फरजनं घरोघरचे डबे मागून हातगाडीवर घातले. त्याची बायको सालिमा रीमला मांडीवर घेऊन बसलेली. तिथूनच म्हणाली, "एकच रांग लावा हं."

तुम्हीही लग्नात एकच रांग लावता, पण का ते विचारत नाही. त्या पट्टीवर महायुद्धात आधी इटालियन होते, मग इंग्रज, मग जर्मन, परत इंग्रज. तुकड्या बदलल्या, डबे लावणारे आपलेच. माझे वडील त्यातले एक. रात्री विमानं परतायची ती दोन रांगांच्या मधे. सगळी उतरली की डबे पालथे घालायचे. एक जरी बाहेर असलं, तर शेवटचा डबा जळत ठेवायचा. एका रात्री इंग्रजांना घाईनं माघार घ्यावी लागली. हुकूम आला, सगळे विझवा. वडिलांनी विझवले, शेवटचासुद्धा. नंतर वर घरघर ऐकू आली, मागं राहिलेल्या एका विमानाची. बराच वेळ फिरत होती म्हणे. त्यानंतर गावानं तिथं दोन रांगा कधी लावल्या नाहीत.

फरजनं आधी एकच लावली. फोन केला.

"दिसतंय," मिलूद म्हणाला, "पण दिव्यांच्या कुठल्या बाजूनं येऊ? खड्ड्यात गेलो तर इंजेक्शनही गेलं."

घरात पोर तडफडतेय. फरजनं दुसरी रांग लावली.

शेवटचा डबा पेटला. वारा थांबला. एकदम.

मग घरघर. त्याला वाटलं, मिलूद आला.

पण आवाज वरून येत होता...

एक फेरा. दुसरा. खाली येत होता. इंजिन खोकत होतं, दम्याच्या म्हाताऱ्यासारखं. फरज पालथा पडला. डोक्यावरून काहीतरी गेलं. जळक्या तेलाचा वास. चाकं टेकल्याचा आवाज... पट्टीवर काहीच नाही. फक्त ज्योती, एकामागून एक, बाजूला कलत गेल्या.

मिलूद त्याच पट्टीवर असणार.

मग... शांत.

बऱ्याच वेळानं गाडीचे दिवे दिसले. मिलूदनं काच खाली केली. "दाजी, तुमचा माणूस भलताच कडक. लाल दिवा दाखवून अडवून धरलं. मी हॉर्न वाजवतोय, तर हा ढिम्म. आत्ता हिरवा दाखवला."

"कुठला माणूस?"

"अहो, तो... पट्टीच्या टोकाशी उभा..."

फरज दार उघडून आत बसला. मिलूदनं गाडी घराकडे सोडली.

रीम वाचली. तिच्या वडिलांचा त्या रात्रीतला पहिला मोकळा श्वास तिनं पाणी मागितलं तेव्हाचा. पहाटेची अजान झाली, आणि दोघं मेव्हणे डबे गोळा करायला गेले. उजाडलं होतं. लोकांचे डबे परत करायचे होते, नाहीतर गेलेच नसते.

दोन्ही रांगांतले डबे पालथे घातलेले होते. नीट, एका ओळीत.

पेट्रोल वाळूत तासभरही टिकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

टोकाचा शेवटचा डबा उताणाच होता. आणि जळत होता.